घर घेताना कुणाचं अंतर मोजलं?



बरेच दिवस लिहायचं राहिलं, कारण घर बदलण्याच्या धांदलीत होते. आता डबे लागले, देवघर लागलं, पाण्याच्या गाळण्याला खुंटी मिळाली. म्हणून आज बसले. तुमच्यापैकी कुणाकडे घर घ्यायचं चाललं असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. पुण्याला आलो ते नोकरीमुळे, आणि गेली अकरा वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याने राहत होतो. ह्यांची कंपनी चाकणला. माझं सरकारी ऑफिस शिवाजीनगरला. घरात सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणते, मामंजी आणि सातवीतली मुलगी. घरमालकांनी घर मागितलं तेव्हा ठरलं, आता पुन्हा भाडं नको, स्वतःचंच बघू.

पहिलं घर सगळ्यांना आवडलं ते मोशीचं. नवी इमारत, चौदावा मजला, तीन बेडरूम, मोठं स्वयंपाकघर आणि दोन लिफ्ट. ह्यांची कंपनी तिथून पस्तीस मिनिटांवर. माझे दीर, नणंदेचे यजमान, दलाल, सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘कंपनीच्या जवळ आहे, आणखी काय पाहिजे?’ मीसुद्धा मान डोलावली. खरं सांगते, स्वयंपाकघराचा ओटा बघून मी भुललेच होते.

कर्जाच्या कागदांसाठी बँकेत गेलो तेव्हा साहेबांनी दोघांच्या पगाराच्या स्लिप मागितल्या. ह्यांच्या एकट्याच्या पगारावर तेवढं कर्ज बसत नव्हतं. माझा पगार धरला तेव्हा बसलं. घरी येताना रिक्षात माझ्या मनात आलं, कर्ज मोजताना माझा पगार मोजला, पण अंतर मोजताना माझं ऑफिस कुणीच मोजलं नाही. आणि त्या ‘कुणीच’मध्ये मीही होते.

मी काही बोलले नाही. पण पुढच्या बुधवारी घरी सांगून ऑफिसातून थेट मोशीला निघाले, नव्या घरी परतत असल्यासारखी. नोव्हेंबर होता. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून आमची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. त्या दिवसांत पुण्यात सूर्यास्त सहाच्या आसपास होतो. म्हणजे ऑफिसच्या दारातून बाहेर पडतानाच दिवस मावळलेला असतो. शिवाजीनगरहून मेट्रोने नाशिक फाट्याला आले, तोपर्यंत ठीक होतं. पुढे बसची वाट बघितली, भोसरीच्या गर्दीत बस मुंगीच्या पावलाने चालली, उतरल्यावर बारा मिनिटं चालणं. त्या इमारतीच्या फाटकाशी पोचले तेव्हा आठला दहा कमी होते. दारापासून दारापर्यंत एक तास पस्तीस मिनिटं. जाहिरातीत छापलेला आकडा याच्या निम्माही नव्हता. जाहिरातीतलं अंतर रविवारी सकाळी मोजलेलं असतं, आपल्याला जगायचं असतं सोमवार ते शुक्रवार.

आता रात्रीभोजनाचं. मला वाटत होतं की घर जवळ घेतलं की माझा दुसरा डबा सुटेल. तसं नाही. सव्वासहाला सुटणाऱ्या बाईला थंडीत सूर्यास्तापूर्वी घरी पोचवेल असं घर पुण्यात नाही, अगदी शिवाजीनगरलाच घेतलं तरी. थंडीत मी आजही साडेपाचला टेबलावरच दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन घेते. उन्हाळ्यात सूर्यास्त सातच्या पुढे जातो. त्या दिवसांत मात्र घर जवळ असण्याचा खरा फरक पडतो. चाळीस मिनिटांवर घर असेल तर सगळ्यांबरोबर पानावर बसता येतं, दीड तासावर असेल तर बारा महिने डबाच.

त्या रात्री मी वहीत दोन रकाने आखले. एका बाजूला मोशी, दुसऱ्या बाजूला संत तुकारामनगरमधलं एक जुनं घर. ते आधी बघून आम्ही नाक मुरडलं होतं. पहिला मजला, लिफ्ट नाही, दोनच बेडरूम. पण मेट्रो स्टेशन चालत आठ मिनिटांवर, आणि 2023च्या ऑगस्टपासून ती मेट्रो फुगेवाडीच्या पुढे शिवाजीनगर आणि सिव्हिल कोर्टापर्यंत जाते. तिथून माझं ऑफिस चाळीस मिनिटं. ह्यांना कंपनीची बस नाशिक फाट्यावरून मिळते. त्यांचे पस्तीसचे पासष्ट होणार होते. म्हणजे त्यांचा दिवसाला एक तास जास्त जाणार, आणि माझे एकशे दहा मिनिटं वाचणार. आठवड्याला नऊ तासांहून जास्त. एका सामायिकाला दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटं लागतात. मी कितीतरी वर्षं ‘वेळच नाही’ म्हणत सामायिक सोडलं होतं.

वही ह्यांच्यासमोर ठेवली. हे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “मला बसमध्ये बसायला जागा मिळते. तुला उभं राहावं लागतं. हे मी धरलंच नव्हतं.” भांडण होईल म्हणून मी तयारी करून बसले होते, त्यामुळे पुढे काय बोलावं ते मलाच सुचेना.

खरी अडचण आत्तींची होती. त्यांना मोशीचं मोठं स्वयंपाकघर हवं होतं. गावाकडे त्यांच्या सासरी चौका लागायचा, मुनिमहाराजांचा आहार व्हायचा. मुलाच्या घरी एकदा तरी आहार व्हावा ही त्यांची इच्छा. “एवढ्याशा खोलीत चौका कसा लावायचा गं?” असं म्हणून त्या गप्प झाल्या. मी उत्तर देऊ शकले नाही, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

उत्तर मामंजींनी दिलं. ते म्हणाले, “महाराज वाहनात बसत नाहीत, लिफ्टमध्ये तरी बसतील का? चौदा मजले चढून तुझ्या ओट्यापाशी कोण येणार? आणि तिथून मंदिराला जायला रोज रिक्षा लागेल.” आत्ती देवदर्शनाशिवाय तोंडात पाणीसुद्धा घालत नाहीत. आजवर त्या चालत जात आल्या, कुणाला ‘मला सोड’ म्हणावं लागलं नाही. सत्तरीच्या बाईला रोज सकाळी मुलाच्या किंवा सुनेच्या सवडीची वाट बघायला लागणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मी माझं अंतर कुणी मोजलं नाही म्हणून रुसले होते, आणि माझ्या वहीत आत्तींचा रकानाच नव्हता.

मामंजींचा रत्नकरंड श्रावकाचाराचा नेमाने स्वाध्याय असतो. त्यांनी त्या दिवशी दिग्व्रताची आठवण करून दिली. तीन गुणव्रतांतलं ते पहिलं. दाही दिशांना आपण कुठवर जाऊ याची मर्यादा ठरवायची, नदी, डोंगर, गाव अशी ओळखीची खूण धरून. मग देशव्रतात ठराविक काळासाठी ती आणखी आवळायची, गावापर्यंत, गल्लीपर्यंत, घरापर्यंत. मी हे लहानपणापासून ऐकत आले, पण मला ते जुन्या काळच्या व्यापाऱ्यांसाठी असल्यासारखं वाटायचं. मामंजी म्हणाले, “आधी सीमा, मग वस्तू. तुम्ही आधी वस्तू बघितली आणि आता सीमा ताणताय.”

मग आम्ही तसं केलं. आधी तीन सीमा लिहिल्या. माझा प्रवास एका बाजूने पाऊण तासाच्या आत. ह्यांचा सव्वा तासाच्या आत. मंदिर आत्तींच्या पायांनी पंधरा मिनिटांच्या आत. या तिन्हींत बसेल तेच घर बघायचं. बाकी कितीही सुंदर असलं तरी दार उघडायचं नाही. यादी एकदम आटली. मन शांत झालं ते त्यामुळेच, असं आता वाटतं.

जुनं घर घेताना काही गोष्टी शिकले, त्या तुमच्यासाठी सांगते. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्यांवर पाच टक्के), पुनर्विक्रीच्या घरावर लागत नाही. आपल्या राज्यात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. आम्ही घर माझ्या नावावर केलं, हेच म्हणाले. जुन्या इमारतीला बँक वय विचारते आणि त्यावर कर्जाची मुदत ठरवते, म्हणून बयाणा देण्याआधी बँकेकडून इमारतीची तपासणी करून घ्या. सोसायटीच्या नावे जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का, ते बघा. आणि ‘मेट्रो येणार आहे’ यावर घर घेऊ नका, धावत असलेल्या मेट्रोवर घ्या. पिंपरीच्या पुढे निगडीपर्यंतच्या मेट्रोचं नाव सांगून आम्हाला चार घरं दाखवली होती, तेव्हा तिथे खांबांचं काम चालू होतं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. घर कुठलंही असो, ऑफिस सुटण्याच्या वेळी एकदा तरी तिथवर जाऊन बघा. एकटीने जा.

सगळं गोड झालं असं नाही. मुलीला स्वतःची खोली मिळाली नाही, ती आजीजवळ झोपते आणि अधूनमधून फुरंगटते. मामंजींचा पलंग हॉलमध्ये आहे, पाहुणे आले की त्यांना उठून बसावं लागतं. आत्तींच्या गुडघ्यांना त्या सतरा पायऱ्या जाणवतात, मी दर दोन दिवसांनी तेल लावून देते. ह्यांचा एक तास गेला तो गेलाच.

पण सकाळी मला आता नऊपर्यंत घरात राहता येतं. आत्तींबरोबर मंदिरात जाऊन अभिषेक बघून परत येते. रोज नाही, आठवड्यातून तीनदा तरी जमतं. सामायिक सुरू केलंय. पहिल्या दिवशी मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले. आता कुकर आधी उतरवते.

चातुर्मासात आहाराचा योग अजून आला नाही. आत्तींनी स्वयंपाकघर दोनदा मोजलं, आणि फ्रिज बाहेर काढला तर चौका बसतो, असं परवा सांगितलं.