वेडेलियाचे दोन फाटे

राजापूर
आषाढ

चि. बंड्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, ‘ताई, तुझ्या उतारावरच्या पिवळ्या फुलांच्या वेलाचे दोन फाटे आण, नव्या घरापुढे लावतो.’ मागे पोरांचा गलका चालला होता, म्हणून नीट बोलता आलं नाही. फाटे मी देणार नाही. का, ते लिहिते.

आठ वर्षांपूर्वी मागच्या दारचा उतार दर पावसात खचत होता. तांबडी माती विहिरीच्या कठड्यापर्यंत यायची. नर्सरीत सांगितलं, वेडेलिया लावा. पाणी नको, खत नको, बारा महिने फुलं. मूठभर फाटे चिखलात खोचले. सांगितलेलं खोटं नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात माती जागची हलली नाही, आणि ते हिरवं अंथरूण मी येईल त्याला कौतुकाने दाखवायची.

ही मूळची मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतची आणि कॅरिबियन बेटांतली. शोभेसाठी लोकांनी ती जगभर नेली आणि जिथे ऊब नि ओल मिळाली तिथे ती कुंपणाबाहेर गेली. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या जातींची जी यादी निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केली, तीत हिचं नाव आहे. तिचा पसारा बियांपेक्षा पेरांवर चालतो. जमिनीला टेकलेल्या पेरापेराला मुळ्या फुटतात आणि एका पेराचा तुकडाही पुरतो. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. पोफळींच्या आळ्यांत शिरली तेव्हा मी कोयती घेऊन सपासप कापली, म्हणजे एकीच्या शंभर केल्या. कापलेलं सगळं व्हाळात टाकलं. पुढच्या वर्षी काकींच्या खालच्या आगरात, पाणी वळतं त्या कडेला, तीच पिवळी फुलं! काकींनी बोल लावला नाही. मीच जाऊन कबूल केलं आणि दोन दिवस त्यांच्याबरोबर उपटत बसले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पण जिवाला लागलं ते वेगळंच. मृगाचे चार पाऊस झाले की आई टोपली घेऊन त्याच उताराखाली जायची, आठवतं? टाकळा, कुर्डू, कडेकडेने फोडशी. पाटाशी कारिवणा. सगळं त्या अंथरुणाखाली गेलं. मातीपर्यंत उजेडच पोचत नाही, तर बी रुजणार कसं? सहा पावसाळे मी टाकळ्याची भाजी बाजारातून विकत आणली, रे. आपल्या परड्यातली!

सगळी एकदम उपटावी तर उतार पुन्हा ढासळेल. म्हणून गेल्या तीन वर्षांपासून तिच्याशी हद्द ठरवून राहते. पाऊस लागून जमीन भुसभुशीत झाली की वरच्या अंगाने दोन हातांचा पट्टा खुरप्याने मुळासकट काढते आणि लगेच तिथे वाळा लावते. वाळ्याची मुळं खोल जातात, माती तोच धरतो. काढलेलं खतात घालायचं नाही, नाहीतर खताबरोबर बागभर जाईल. पोत्यात भरून, तोंड बांधून पडवीत ठेवते. वैशाखापर्यंत पार कोळपून जातं, मग चुलीत. गडग्याच्या अलीकडे आलेला फाटा मात्र दिसेल त्या दिवशी उपटते, मग हातातलं काम राहो.

तुला पिवळी फुलंच हवी असतील तर पिवळा माका लाव. तोही तिच्याच जातकुळीतला, पण आपल्या मातीतला. त्याचं पान लांबट, हिचं तीन टोकांचं. रोप घेताना पान हातात धरून बघ.

माझ्याकडून वाळ्याचे चार ठोंब मिळतील. श्रावणात येशील तेव्हा जुनी पोती घेऊन ये, माझ्याकडची संपली.

आणि हो, पहिल्या वर्षी साफ केलेल्या पट्ट्यात, वाळ्याच्या दोन ओळींमध्ये, यंदा टाकळा उगवला. मी पेरला नव्हता. काल कोवळी पानं खुडली, एका माणसापुरती भाजी झाली.

तुझी,
ताई