मारू का नोको?

गुलाबी बोंडअळीवरचं ते पान मी शेतीच्या एका संकेतस्थळासाठी पुण्यात बसून लिहिलं होतं. नऊशे शब्द. आधी अळीचं शास्त्रीय नाव, मग जीवनक्रम, मग ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ आणि अगदी शेवटी उपाय. संपादकांना आवडलं. मला तर फारच.

दसऱ्याला आर्वीला मामांकडे गेलो, तेव्हा वावरात उभ्या उभ्याच मोबाइल त्यांच्या हाती दिला. उन्हात पडद्यावर हाताची सावली धरून ते वाचू लागले. अंगठा सरकत राहिला, थांबला कुठेच नाही. मग म्हणाले, “सारं बरोबर असंन भाचेबुवा. पन फवारा मारू का नोको, थे सांगा न.”

उत्तर होतं, पण सातव्या परिच्छेदात: सलग ३ रात्री सापळ्यात सरासरी ८ पतंग सापडले, किंवा २० हिरव्या बोंडांपैकी २ बोंडांत अळी निघाली, तर फवारावं. मामा तिथवर पोचलेच नव्हते.

धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून ते पान मी पुन्हा लिहायला घेतलं. सातवा परिच्छेद उचलून पहिल्या ओळीत आणला. ‘कपाशी’च्या जागी पऱ्हाटी आली. ‘गुलाबासारखी मिटलेली फुले’ हा माझा लाडका शब्दप्रयोग. त्याला इथे सरळ डोमकळी म्हणतात. ‘हेक्टरी ५ कामगंध सापळे’ यावर मामा नुसतेच हसले. हेक्टर सातबाऱ्यावर असतो, वावर एकरात. म्हणून ‘एकरी २’.

औषधाच्या मात्रेपाशी मात्र मी गप्प झालो. शिफारशीत होतं तसंच उतरवलं होतं: १० लीटर पाण्याला २० मिली. मामांच्या पाठीवरचा पंप १५ लीटरचा. म्हणजे ३० मिली, आणि तेही मोजायचं बाटलीच्या झाकणाने. हा हिशेब मी वावरातल्या माणसावर सोडून मोकळा झालो होतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, हे मला ठाऊक होतं. त्यावर लेखही लिहिला होता मी. तरी हातमोजे आणि तोंडाला फडकं ही ओळ माझ्या पानात सगळ्यात खाली, संपर्काच्या पत्त्याच्या जरा वर होती. ती मात्रेच्याही आधी आणली.

तासाभराने नवं पान दाखवलं. दीडशे शब्द. मामांनी शेवटपर्यंत वाचलं, मोबाइल परत केला आणि तासात शिरले. चार पावलांवर वळून म्हणाले, “हे वीस बोंडं धुऱ्याजवळचेच तोडू, का साऱ्या वावरातले?”

ते लिहायचं राहिलंच होतं.