घोड्याचं चिलखत आणि लुसियाची खोली

व्हाइटरनच्या चौकात गिल्डरग्रीन नावाचं एक जुनं झाड आहे. त्याच्या आसपास लुसिया नावाची एक मुलगी भीक मागत असते. आई वारली, नातलगांनी शेतावरून हाकलून दिलं, पोर शहरात आली. ‘स्कायरिम’ हा गेम २०११ च्या नोव्हेंबरात आला तेव्हापासून ती तिथेच आहे. ड्रॅगनला लोळवून आलेला, यार्ल म्हणजे तिथल्या सरदार मंडळींत ऊठबस असलेला आपला नायक तिच्या हातावर एक नाणं ठेवू शकायचा. त्यापलीकडे काही करायची सोयच गेममध्ये नव्हती. मग २०१२ च्या सप्टेंबरात ‘हार्थफायर’ नावाची पाच डॉलरची पुरवणी आली आणि लुसियाला म्हणता येऊ लागलं, चल, आजपासून तू माझ्याकडे राहा.

खेळणारे या पुरवण्यांना डीएलसी म्हणतात. मूळ गेम घ्यायचा आणि वर हे तुकडे एकेक करून उतरवून घ्यायचे. सेल लागला की मूळ गेम भाजीच्या भावात मिळतो, आणि तुकड्यांची बेरीज मांडायला बसलं की चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. शिवाय दुकानाच्या पानावर सगळे एकाच मापाच्या चौकटीत ओळीने उभे असतात. एका चौकटीत नुसती झगमगती तलवार, शेजारच्या चौकटीत अख्खा देश. चित्रं दोन्हीकडे सारखीच देखणी. मी रात्री जेवणं आटोपल्यावर ही यादी उघडते, कार्टमध्ये टाकते, काढते, परत टाकते. खरं सांगायचं तर या घालमेलीतही एक सुख आहे, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

या धंद्याचा मूळपुरुष एक घोडा आहे. बेथेस्डा कंपनीने २००६ च्या एप्रिलमध्ये ‘ओब्लिव्हियन’ या गेमसाठी घोड्याचं चिलखत विकायला काढलं, किंमत अडीच डॉलर. गेममधल्या राजधानीबाहेरच्या तबेल्यात एक ऑर्क बाई ते घोड्यावर चढवून द्यायची, पोलादी नाहीतर एल्व्हन. लोकांनी शिव्या घातल्या आणि विकतही घेतलं. कंपनीलाही चेष्टा कळत होती. २००९ च्या एक एप्रिलला बाकीचा माल स्वस्त करून तिने या चिलखताची किंमत तेवढी दुप्पट केली. २०२५ मध्ये ‘ओब्लिव्हियन’ नव्या रंगरूपात आला तेव्हा महागड्या आवृत्तीत घोड्याला पुन्हा चिलखत होतंच.

अडीच डॉलर जास्त होते असं मला कधी वाटलं नाही. पण ते चिलखत घेतल्यावर करायचं काय? घोडा पूर्वी धावत होता तसाच धावतो. आपण त्याच्याकडे दोनदा कौतुकाने बघतो आणि तिसऱ्यांदा विसरतो. ‘हार्थफायर’ही त्याच कंपनीची, तीही किरकोळ किमतीची, आणि तिच्यात तर धड गोष्टही नाही. न राक्षस, न भविष्यवाणी. तरीही माझा मुक्काम तिथेच सगळ्यात जास्त पडला, कारण ती पुरवणी पैसे घेते आणि वर आपल्यालाच कामाला लावते.

फॉकरीथच्या पाइनच्या जंगलात तळ्याच्या वरच्या अंगाला एक जागा आहे. ती हवी तर यार्ल सिडगीरची मर्जी सांभाळावी लागते. हा तरुण, आढ्यताखोर माणूस आधी आपल्याला दारू आणायला पाठवतो, मग दरोडेखोरांचा अड्डा साफ करायला सांगतो. त्यांच्याकडून स्वतः हप्ता खात होता हेही वर निर्लज्जपणे सांगतो. एवढं झालं की पाच हजार सेप्टिम मोजायचे आणि जमीन आपली. जमीन म्हणजे अक्षरशः जमीन. एक नकाशाचं टेबल, एक सुताराचं बाक, एक ऐरण आणि थोडंफार सामान भरलेली पेटी. जवळच मातीचा थर आणि दगडाची खाण, तिथे कुदळ मारत बसायचं. लाकूड गिरणीवरून आणायचं. लोखंडाच्या एका लगडीचे दहा खिळे होतात, बिजागऱ्या दोनच, आणि कुलपाला कोरंडमची लगड वेगळी लागते. घर पाहावं बांधून म्हणतात त्यातला पहिला धडा खिळ्यांचा असतो. ऐन छपराच्या वेळी ते संपतात, आणि जगाचा तारणहार लोखंडाच्या शोधात गावोगावच्या लोहारांपुढे उभा राहतो.

पुढे तीन बाजूंना तीन दालनं काढता येतात आणि प्रत्येक बाजूला तीनांतलं एकच निवडायचं. पूर्वेला स्वयंपाकघर, ग्रंथालय किंवा शस्त्रागार. पश्चिमेला झोपायच्या खोल्या काढल्या की काचेचं रोपघर गेलं. एकदा बांधलं की पाडता येत नाही. तेव्हा कुठली पुरवणी घ्यावी हा प्रश्न सोडवून आत आलेल्या माणसापुढे तिथेही निवडच वाढून ठेवलेली असते.

पण लुसियासाठी तळ्याकाठचं घर हवंच असं नाही. व्हाइटरनमध्ये ब्रीझहोम नावाचं छोटं घर मिळतं. त्यात मुलांची खोली करायची तर अल्केमीची जागा मोडावी लागते. तिथे उभं राहून मी कितीतरी औषधं नि विषं घोटली होती, भिंतीजवळच्या त्या टेबलाचा मला लळा होता. कारभारी पैसे घेतो, आणि पुढच्या वेळी दार उघडावं तर टेबल नाही, त्याच्या जागी पोरांचे पलंग. सगळ्या ‘स्कायरिम’मध्ये कुठल्याही ड्रॅगनने मला इतकं अडवलं नसेल. नंतर ही मुलं बाहेरून काहीबाही प्राणी उचलून आणतात आणि पाळू का म्हणून विचारतात. कोल्ह्याचं पिल्लू आणलं तर ठीक. कधी स्कीव्हर आणतात, म्हणजे चांगली मांजराएवढी घूस. नाही म्हणायची सोय आहे. माझ्याच्याने म्हणवत नाही.

‘स्कायरिम’च्या आणखी दोन पुरवण्या आहेत. ‘डॉनगार्ड’मध्ये व्हॅम्पायरांचं भांडण आहे, चांगलं आहे, सेरानासारखी सोबतीण मिळते, तिच्यासाठी घ्यावं. ‘ड्रॅगनबॉर्न’ मात्र जुन्या खेळाडूंनी चुकवू नये. याच मालिकेतल्या २००३ च्या ‘ब्लडमून’मध्ये सोलस्थाइम बेटावर रेव्हन रॉक नावाची खाणवस्ती ज्यांनी आपल्या हातांनी उभी करून दिली होती, त्यांना इथे तीच वस्ती दोनशे वर्षांनंतर दिसते. रेड माउंटन ज्वालामुखीची राख साचलेली आणि खाण बंद.

काही कंपन्या मात्र सरळ अडवणूक करतात. २००९ च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये रात्रीच्या मुक्कामावर लेव्हाय ड्रायडन नावाचा एक गृहस्थ उभा असतो. शेकोटी, थकलेले सोबती, आणि हा आपल्या खापरपणजीच्या बदनामीची नि विस्मृतीत गेलेल्या किल्ल्याची कहाणी सांगू लागतो. ऐकता ऐकता आपण हो म्हणतो आणि कळतं की ही ‘वॉर्डन्स कीप’ नावाची पुरवणी आहे, सात डॉलर टाका. भर मुक्कामात विक्रेता. त्यात सामान ठेवायची पेटीही त्या किल्ल्यापाशीच. मूळ गेममध्ये ती नव्हतीच, पाठीवरचं ओझं विकत नाहीतर टाकत फिरायचं. ज्या पेटीची उणीव आपणच ठेवली तीच नंतर विकायची, याला व्यापार म्हणतात हे मला ठाऊक आहे. मला तो आवडत नाही, इतकंच.

वॉर्साच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ मध्ये उलटा हिशेब मांडला. ‘विचर ३’चे सोळा लहान तुकडे त्यांनी फुकट वाटले, त्यात चिलखतं होती आणि नायक गेराल्टच्या दाढ्या-केशरचनाही. पैसे लावले ते दोन गोष्टींना. त्यातली ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ दहा तासांची असल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं, आणि मला ती मूळ गेमपेक्षाही उजवी वाटते. पोलंडमध्ये पान त्वार्दोव्स्कीची दंतकथा सांगतात. त्याने सैतानाशी करार केला की माझा आत्मा रोममध्येच न्यायचा, आणि रोमला जायचंच नाही असं मनाशी ठरवलं. पुढे ज्या खानावळीत तो सापडला तिचंच नाव रोम होतं. गेममधल्या ओल्गर्ड नावाच्या माणसाच्या अशाच करारात रोमच्या जागी चंद्र आहे. चंद्रावर कोण कधी उभा राहणार? पण फरशीवर चंद्राची नक्षी असू शकते.

घर पाहावं बांधून, तसं लग्न पाहावं करून. इथे गेराल्टला एका खेड्यातल्या लग्नाला जावं लागतं, तेही ओल्गर्डच्या मेलेल्या भावाचं भूत अंगात घेऊन. एरवी चार शब्द बोलायला कंजुषी करणारा हा माणूस त्या रात्री नाचतो, डुकरं हाकायच्या शर्यतीत उतरतो, बायांच्या खोड्या काढतो आणि तळ्यात बुडी मारून जोडा शोधतो. तोंड तेच, डोळ्यांतला माणूस भलताच. तलवारीला हात न लावता सरलेल्या त्या तासासाठी मी पुरवणीचे सगळे पैसे आनंदाने दिले असते.

‘ब्लड अँड वाइन’ २०१६ च्या मे महिन्यातली. तूसाँ नावाचा द्राक्षमळ्यांचा प्रांत, गेराल्टला तिथे बागायतीसह घर मिळतं. लोक तिथल्या सूर्यास्ताचं कौतुक करतात, मी बँकेचं करते. आपल्या जुन्या खात्यातले पैसे काढायला गेराल्ट खिडकीवर जातो तर त्याची नोंद मयत म्हणून झालेली. समोर उभा असलेला माणूस जिवंत आहे हे पटायला कागद हवा, कागदाला परवाना हवा, परवान्याची खिडकी वेगळी आणि तिथली बाई जागेवर नाही. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेऊन बँकेत बसणाऱ्या आपल्या पेन्शनर मंडळींना हा प्रसंग कुणीतरी दाखवायला हवा.

माझ्या कार्टमध्ये सध्या ‘एल्डन रिंग’ची ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ आहे. माझ्या भाच्याने ती २०२४ च्या जूनमध्ये आल्याआल्या घेतली होती, पूर्ण किमतीला. अट अशी की पैसे भरले तरी प्रवेश नाही. मूळ गेममध्ये आधी राडान पडला पाहिजे, मग रक्ताचा सरदार मोग, आणि त्यानंतर मोगच्या महालातल्या कोशातून लोंबणाऱ्या सुकलेल्या हाताला स्पर्श करायचा, तेव्हा नवा प्रदेश उघडतो. मोग मधूनच तीन, दोन, एक अशी लॅटिनमध्ये मोजणी करतो आणि शून्याला पोचला की समोरच्याचं रक्त शोषून स्वतः टवटवीत होतो. भाचा त्या शून्यापाशी अडकून बसला होता.

“म्हणजे पैसे घेतले आणि आत सोडत नाहीत?” ताईने पोळ्या लाटता लाटता विचारलं. “तक्रार कर की मग.”

“आई, तक्रार कसली,” तो स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, “मलाच मारता येत नाहीये त्याला. थांब, बोलू नकोस, दोनवर आलाय.”