लाकूड, लॅमिनेट की प्लास्टिक?

या विकेंडचा विषय जरा आडवळणाचा आहे. बंदुकीचा दस्ता. म्हणजे रायफलचा तो भाग जो मागे खांद्याला टेकतो आणि पुढे डाव्या हातात येतो. इकडे त्याला स्टॉक म्हणतात. शेअरबाजारातला नव्हे. त्यात मी आधीच हात पोळून घेतलेत, त्यावर पुन्हा कधीतरी.

मी कोकणातला. विस्कॉन्सिनला आलो तेव्हा बंदूक फक्त बँकेच्या वॉचमनच्या खांद्यावर पाहिलेली. पण इथे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस हरणांच्या शिकारीचा मोसम असतो आणि अर्धं हापीस रिकामं होतं. उरलेल्या अर्ध्यात मी आणि दोन तेलुगू मुलं. शेजारी एक निवृत्त वयस्कर गृहस्थ राहतात. इथल्या पद्धतीप्रमाणे त्यांना नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणतो. ग्रीनकार्ड झाल्यावर एकदा सहज त्यांना म्हटलं, एकदा येऊन बघायचंय. काकांनी मला रीतसर शिकारीच्या सुरक्षा-कोर्सला बसवलं. वर्षभराने त्यांचे गुडघे गेले, तेव्हा स्वतःची रायफल नाममात्र किमतीत मला दिली. बोल्ट-अ‍ॅक्शन, थ्री-ओ-एट, आणि काळ्या अक्रोडाचा दस्ता. तीस वर्षं हात लागून लागून गुळगुळीत झालेला. आजोबांच्या आरामखुर्चीच्या हाताची आठवण यावी असा.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, हरणं मारणार तू? घरात झुरळ मारायला बाबांना बोलवायचास!" असो.

आता मुद्द्यावर येतो. सप्टेंबरात रेंजवर जाऊन मी रायफल झिरो केली. म्हणजे शंभर यार्डांवर दुर्बिणीतली फुली जिथे, गोळी तिथेच बसेल असं जुळवून घेतलं. तीनही गोळ्या एका रुपयात बसतील अशा. भारी वाटलं. मग ती बेसमेंटमधल्या कपाटात ठेवून दिली. त्या वर्षी बेसमेंटमध्ये पाणी झिरपत होतं आणि हवा कोरडी करायचं मशीन बंद पडलेलं. काका म्हणाले होते, मोसमाच्या आदल्या शुक्रवारी दोन गोळ्या झाडून बघ. त्या शुक्रवारी आमचं रिलीज होतं. मी म्हटलं, सप्टेंबरात चालत होतं की! "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणणाऱ्या ज्युनियर पोरांना मी जे ऐकवतो, ते सगळं मला तेव्हा कुणीतरी ऐकवायला हवं होतं.

रविवारी सकाळी एक हरण समोर आलं. शंभर-सव्वाशे यार्ड, शांत उभं, आडवं. मी खांद्यामागे नेम धरला आणि गोळी झाडली. हरण पाठीची कमान करून झाडीत गेलं. गोळी मागे, पोटात लागली होती.

पोटात लागलेलं हरण लगेच मरत नाही. पाठलाग केला तर ते मरत मरत मैलभर पळतं. म्हणून काही तास थांबायचं असतं. मी त्या झाडाखाली पाच तास बसलो. आयुष्यात इतका लांब वेळ काढलेला नाही. दुपारी काका काठी टेकत आले आणि आम्ही रक्ताच्या थेंबांवरून शोधत गेलो. सापडलं तेव्हा ते जिवंत होतं. पुढचं काकांनी केलं. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

मंगळवारी रेंजवर गेलो. गोळ्या चार इंच डावीकडे. तिन्ही एकाच जागी, पण डावीकडे. काकांनी खिशातून एक डॉलरची नोट काढली आणि नळी व दस्त्याच्या मधल्या फटीतून सरकवली. नोट मध्येच अडकली. दस्त्याचा पुढचा भाग ओल पिऊन फुगला होता आणि नळीला एका बाजूने दाबत होता.

हे मला कळायला हवं होतं हो! आमच्या घरी जुलैत माजघराचं दार फुगायचं. सुतार येऊन रंधा मारून जायचा, आणि दिवाळीनंतर त्याच दाराला बोटभर फट. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, पण रेषांच्या आडव्या दिशेने ओलीबरोबर फुगतं आणि सुकलं की आकसतं. दस्त्याला बाहेरून चकचकीत पॉलिश असतं, पण नळीच्या खाचेत आणि मागच्या रबराखाली पुष्कळदा लाकूड उघडंच राहतं. ओल तिथून शिरते. अमेरिकन मरीन्सना व्हिएतनामच्या दमट हवेत त्यांच्या एम-४० रायफलींबाबत हाच धडा मिळाला, आणि १९७० च्या दशकात त्यांनी फायबरग्लासचे दस्ते घेतले.

मग मी तिन्ही पर्यायांचा अभ्यास केला. (एक्सेल शीट केली. हसू नका.)

लाकूड: खाच तासून नळी मोकळी करायची, आतून सील करायचं, अ‍ॅक्शन जिथे बसते तिथे इपॉक्सीचं बेडिंग द्यायचं. बराच फरक पडतो. पण लाकूड ते लाकूडच.

लॅमिनेट: बर्चचे साधारण दीड मिलिमीटरचे पापुद्रे रेझिनने चिकटवून दाबलेले. आपलं प्लायवूडच, पण खानदानी. थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे हलणं फार कमी. जर्मनांनी महायुद्धाच्या आधीपासूनच माउझर रायफलींना असे दस्ते बसवले होते. तोटा एकच, वजन. पाव किलो किंवा थोडं जास्तच. दिवसभर रान तुडवलं की पाव किलो म्हणजे काय ते खांदा सांगतो.

सिंथेटिक: यात दोन जाती आहेत आणि दुकानदार दोन्हींना एकच नाव देतो. एक साच्यातून काढलेलं प्लास्टिक. १९५९ मध्ये रेमिंग्टनने नायलॉनच्या दस्त्याची पॉइंट टू-टू रायफल काढली, तिथपासूनची ही परंपरा. ओलीशी देणंघेणं नाही, हलकं, स्वस्त. पण स्वस्तातल्याचा पुढचा भाग पोकळ असतो. बोटांनी दाबून नळीला टेकवता येतो. म्हणजे लाकूड पावसात जे करतं, ते हा तुमच्या हाताच्या दाबाने करणार! शिवाय फांदी घासली की खरवडल्याचा आवाज. दुसरी जात हाताने थर देऊन केलेलं फायबरग्लास. हलकं, ताठ, पण किंमत काही शे डॉलर.

माझा कल कुठे होता ते सांगतो. लाकूडच ठेवायचं, बेडिंग करून घ्यायचं. काकांची आठवण, तीस वर्षांचा हात, वगैरे. दस्ता बदलला तर त्यांना काय वाटेल?

घाबरत घाबरत विचारलं. काका हसले. म्हणाले, "मला फायबरग्लासच घ्यायचा होता. पण चार पोरं होती, परवडला नाही. म्हणून दर शुक्रवारी रेंजवर जायचो."

म्हणजे लाकडाचं प्रेम सगळं माझंच होतं. त्यांच्या लेखी तो जुगाड होता, आणि तो जुगाड चालायचा तो त्यांच्या शुक्रवारामुळे. मी जुगाड घेतला आणि शुक्रवार सोडला.

मी लॅमिनेट घेतला. फायबरग्लास मलाही जरा जास्तच वाटला, आणि वजन मला चालतं, कारण मी तसाही एका जागी बसून असतो. अक्रोडाचा दस्ता तेल लावून वरच्या मजल्यावर, कोरड्या जागी ठेवलाय. एक्सेल शीटमध्ये एक ओळ शेवटी घातली, ती मात्र तिन्ही रकान्यांत सारखीच आहे: शुक्रवारी दोन गोळ्या.

त्यानंतर दोन मोसम गेले. दोन्ही वेळा शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकली. मॅनेजर कुरकुरला. रिलीज सोमवारी झालं, काही बिघडलं नाही.