पहिला भाग बरा होता

माझी अशी एक समजूत आहे की, मत द्यायला पैसे पडत असते तर आपल्याकडे बरीच शांतता नांदली असती. बँकेत जास्तीचं चेकबुक मागितलं तर पैसे पडतात, पासबुक हरवलं तर दुसऱ्याला पैसे पडतात. पण कॅशच्या खिडकीसमोर उभं राहून, मागे बारा माणसं ताटकळत असताना, काल रात्रीच्या मालिकेवर मत द्यायला आजवर कोणत्याही बँकेने चार्ज लावलेला नाही. लावला असता तर आमच्या शाखेचं टार्गेट दर एप्रिलमध्येच पुरं झालं असतं.

आमची शाखा चौकात आहे. म्हणजे चार रस्ते मिळतात त्या चौकात नव्हे. चौक हे गावाचंच नाव. तालुका खालापूर, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पनवेल आणि खोपोली यांच्या मधलं. पण हे दरवेळी सांगावं लागतं. ‘कुठे राहता?’ ‘चौकात.’ ‘अहो, पण कुठल्या?’ हा संवाद मी पंचवीस वर्षं करतो आहे. लग्नाआधी सासऱ्यांशीही तो झाला होता आणि मुलगा रस्त्यावर राहतो असा त्यांचा थोडा वेळ समज झाला होता.

तर २०१६ च्या फेब्रुवारीत झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, आणि आमच्या शाखेचं कामकाज रोज सकाळी अर्धा तास उशिरा सुरू होऊ लागलं. मालिका रात्री साडेदहाला. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला जुना वाडा, पहिल्याच भागात अण्णा नाईक मरतात, सगळं खानदान गोळा होतं आणि मग कोणाच्या पाठीमागे कोण उभं आहे याचा पत्ता लागत नाही. सकाळी हेडकॅशियर नोटा मोजताना मध्येच थांबून विचारायचे, ‘ते माजघरात कोण होतं हो?’ आणि बंडल पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आमच्या शिपाईमामांनी तर स्ट्राँगरूममध्ये एकट्याने जायचं सोडून दिलं. तिथे दोन किल्ल्या आणि दोन माणसं लागतात हा नियम रिझर्व्ह बँकेने भुताच्या भीतीनेच केला असावा, असं त्यांचं मत होतं.

मतांचा नुसता पाऊस. सिंधुदुर्गातून ओरड झाली की, मालिका कोकणाची बदनामी करते, अंधश्रद्धा पसरवते, बंद करा. (पुढे त्याच वाड्यासमोर उभं राहून फोटो काढायला माणसं गाड्या करून जाऊ लागली, ते वेगळं. आपल्याकडे बदनामी आणि पर्यटन यांत फार तर तीन वर्षांचं अंतर असतं.) आमच्या घरी मात्र आक्षेप निराळ्या बाजूने आला. आईचं माहेर कुडाळकडचं. पन्नास वर्षं चौकात काढूनही ती रागावली की, किंवा एकटी असली की, मालवणीत बोलते. पहिल्या आठवड्यात तिने फक्त कानाने मालिका बघितली. त्या पांडूचं मालवणी खरं आहे, शहरातून आलेल्या सुनांचं मराठी खोटं आहे, असा निकाल दिला आणि मग डोळे उघडले.

नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं मत एका शब्दाचं होतं. ‘भंपक.’ नाना जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. भूत या विषयावर त्यांनी मुलांकडून जितके निबंध लिहून घेतले तितकी भुतं अख्ख्या कोकणात नसतील. ते बरोबर साडेदहाला खुर्ची ओढून बसत, प्रत्येक जाहिरातीला ‘भंपक आहे सगळं’ म्हणत आणि जाहिरात संपली की आईला म्हणत, ‘गप, सुरू झालं.’ एखाद दिवशी वीज गेली तर दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात तो भाग बघून मग भंपक म्हणत. न बघता मत देणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर पहिला भाग संपला. नाना म्हणाले, ‘सुटलो.’ पुढचे आठ दिवस साडेदहाला ते खुर्चीत येऊन बसत आणि बंद टीव्हीकडे बघून झोपायला जात.

२०१८ च्या श्रावणात नाना गेले. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

आणि २०१९ च्या जानेवारीत मालिकेचा दुसरा भाग आला. गंमत अशी की हा दुसरा भाग पहिल्याच्या आधीचा. म्हणजे पहिल्या भागात जे अण्णा मेले, ते दुसऱ्यात चालते-फिरते, मिशीला पीळ देत, गावाला दम देत. शाखेत गदारोळ झाला. हेडकॅशियर म्हणाले, हे साफ बेकायदा आहे. मागच्या तारखेची नोंद आहे ही! मीही वाणिज्य शाखेचा पदवीधर. क्लोजिंग झाल्यावर पुन्हा ओपनिंग बॅलन्सला हात लावला तर ऑडिटर काय करतो ते मी पाहिलेलं आहे. कर्ज खात्याच्या बाई म्हणाल्या, शेवट माहीत असलेली गोष्ट कोण बघेल? त्या वेळचे आमचे मॅनेजरसाहेब विदर्भातले. ते म्हणाले, पैसा मिळाला की ताणतात, बाकी काही नाही. आणि मग सर्वांच्या तोंडून ते वाक्य पडलं, जे तेव्हापासून मी शेकडो वेळा ऐकलं आहे: ‘पहिला भाग बरा होता.’ वास्तविक पहिल्या भागाला या सगळ्यांनी आठ महिने शिव्या दिल्या होत्या. पण संपलेली मालिका आणि बदली होऊन गेलेला मॅनेजर, दोघांचेही गुण मागाहून दिसू लागतात.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता यांनी लोकांना असं काही बांधून ठेवलं की, ‘कोण बघेल?’ म्हणणाऱ्या कर्ज खात्याच्या बाई रोज सकाळी शेवंताच्या साडीचं वर्णन करू लागल्या. अण्णा हा माणूस म्हणून वाईट: जमीन लाटणारा, बायकोला छळणारा, खून पचवणारा. तरी लोक त्याच्यावर लुब्ध. आमच्या बँकेत असा खातेदार आला तर आम्हीही त्याला खुर्ची देतोच की.

मला नवल वाटलं ते आईचं. नाना गेल्यापासून तिने टीव्हीला हात लावला नव्हता. दुसरा भाग सुरू झाला त्या रात्री ती आपणहून आली आणि नानांच्या खुर्चीशेजारच्या तिच्या खुर्चीत बसली. मी कर्तव्य म्हणून शाखेतलं मत घरी आणलं. म्हटलं, ‘आई, ह्यात अर्थ नाही गं. मेलेल्या माणसाला परत आणलंय नुसतं.’

आई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, ‘मेलेलो माणूस परत बघूक गावता. आणि काय व्हया?’

यावर बी. कॉम.ला काही शिकवलेलं नव्हतं. मीही बसलो. पहिली जाहिरात लागली तेव्हा खोलीत एक जागा रिकामी राहिली. तिथे एक शब्द यायचा असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मीच न राहवून म्हणालो, ‘भंपक आहे सगळं.’ आई काही बोलली नाही. पण मालिका पुन्हा सुरू झाल्यावर मला म्हणाली, ‘गप.’

अशी ती मालिका आम्ही दीड वर्ष बघितली. २०२० च्या मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली तेव्हा जुने भाग पुन्हा लागले. शाखा चालू होती; तोंडाला मास्क, खिडकीला प्लास्टिकचा पडदा, आणि पलीकडून पेन्शन घ्यायला आलेले लोक मोठमोठ्याने विचारत, ‘नवीन कधी सुरू होणार?’ ते लसीबद्दल विचारत नसत. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, आमच्याकडे वीज गेली, आणि आई मेणबत्ती लावून साडेदहा वाजेपर्यंत जागी राहिली. जुलैत नवे भाग आले. आणि ऑगस्टमध्ये बातमी फुटली की मालिका संपणार.

आता शेवट काय असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. पहिल्या भागाच्या सुरुवातीला अण्णा मेलेले आहेत, म्हणजे दुसरा भाग जाऊन जाऊन जाणार कुठे? शेवटच्या आठवड्यात सोमवारी साडेदहाला आई आली नाही. हाक मारली तर आतून म्हणाली, ‘माका झोप येता.’ मंगळवारीही झोप. आठवडाभर मी एकटाच दोन खुर्च्यांच्या मध्ये सतरंजीवर बसून मालिका बघितली. शेवटी काय झालं ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मालिका संपल्यानंतर दोन दिवसांनी सौ. भाजी निवडताना सहज बोलून गेली, तेव्हा आईने एवढंच म्हटलं, ‘तो पयल्या भागातच मेलो हुतो.’

२०२१ च्या मार्चमध्ये तिसरा भाग आला. मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेने खंड पाडला, पुढे शेवंताची भूमिका करणारी नटी बदलली, आणि लोक असे चवताळले की बँकेचा आयएफएससी कोड बदलला तेव्हाही चवताळले नव्हते. आता सर्वांचं मत पडलं, ‘दुसरा भाग बरा होता.’ मी कर्ज खात्याच्या बाईंना २०१९ सालच्या त्यांच्या मताची आठवण करून दिली. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

हे सगळं फक्त मराठीत चालतं असं मला वाटायचं. पण आमचे चिरंजीव मोबाइलवर अमेरिकन मढी बघतात. ‘द वॉकिंग डेड’ नावाची २०१० सालची मालिका. मेलेली माणसं उठतात आणि जिवंतांना खातात. तिच्यातून २०१५ मध्ये ‘फिअर द वॉकिंग डेड’ निघाली. तीही आमच्यासारखी मागच्या तारखेची नोंद! साथ सुरू होण्याच्या दिवसांतलं लॉस एंजेलिस. पहिल्या भागाला म्हणे सुमारे एक कोटी प्रेक्षक होते. मग तिकडच्या टीकाकारांनी म्हटलं, फार रेंगाळते. तिसऱ्या पर्वाची स्तुती केली. चौथ्या पर्वात सूत्रं दुसऱ्यांच्या हाती गेली, मूळ मालिकेतलं एक पात्र आणून बसवलं, आणि प्रेक्षक म्हणाले, (चिरंजीवांनी इंग्रजीत सांगितलं, पण मला मराठीतच ऐकू आलं) ‘आधीचं बरं होतं.’ तरी ती आठ पर्वं चालली, २०२३ पर्यंत. म्हणजे शिव्या देणारे आठ वर्षं बघत होते. घराघरात एकेक नाना.

त्याच २०२३ च्या जूनमध्ये ‘डेड सिटी’ नावाचं आणखी एक पिल्लू निघालं. चिरंजीवांनी ते आजीला दाखवलं. आईने चष्मा पुसून त्या लडखडणाऱ्या प्रेतांकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘ह्येंका कोणी जेवूक घालीत नाय काय?’ मग गोष्ट समजून घेतली. मॅगी नावाच्या बाईचा मुलगा पळवलेला असतो, आणि त्याला सोडवायला ती ज्याच्याबरोबर न्यूयॉर्कला जाते त्या नेगनने तिच्या नवऱ्याला ठार मारलेलं असतं. चिरंजीव म्हणाले, ‘आजी, हे अनेकांना पटलं नाही.’ आई म्हणाली, ‘त्येंका झील नसतीत. झिलासाठी बाई भुतावांगडा पण जायत.’ या मालिकेवरचं याहून बरं मत कोणी लिहिलं असेल तर मला दाखवावं.

पुढचे भाग मात्र घरात बरेच दिवस कोणी लावले नाहीत. १९ जुलैच्या रात्री इरशाळवाडीवर दरड आली. आमच्या दारातून तो डोंगर दिसतो.

दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना आपण जिवंत असल्याचं आम्हाला दाखवावं लागतं. हयातीचा दाखला. आईला नानांचं कुटुंब-निवृत्तिवेतन मिळतं. मी दरवर्षी म्हणतो, फॉर्म घरी आणतो. ती दरवर्षी इस्त्रीचं पातळ नेसून स्वतः येते आणि रांगेत उभी राहते. मुलगा बँकेत आहे म्हणून कोणी पुढे सोडलेलं तिला चालत नाही. गेल्या वर्षी साहेब नवीन होते. हात थरथरतो त्यामुळे तिच्या सहीचं वळण आता गेलं आहे. साहेबांनी फाइलमधला जुना नमुना काढला, नव्या सहीशेजारी ठेवला, दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं आणि फार अदबीने म्हणाले, ‘आजी, ही सही पहिलीसारखी नाही आली.’

‘पयली बरी हुती,’ आई म्हणाली, ‘म्हायती आसा माका.’ आणि पेन मागून घेऊन तिने खाली दुसरी केली.