खिळे

नातवास कडे चढण्याचें वेड. खडकांत खिळे ठोकीत चढण्यांत पुरुषार्थ कसला, म्हणून मीं त्यास एकदां छेडिलें. उत्तरादाखल त्यानें अमेरिकेंतील इव्हॉन शुइनार्डची हकीकत सांगितली. हा गिर्यारोहक १९५७ पासून स्वहस्तें पोलादी खिळे घडवून विकी. त्यावरच त्याचा चरितार्थ. परंतु ते वारंवार ठोकून उपटल्यामुळें योसेमिटी दरींतील कड्यांच्या भेगा विद्रूप होत आहेत, हें ध्यानीं येतांच त्यानें तो धंदा आवरता घेतला. आणि १९७२ च्या आपल्याच सूचिपत्रांत खिळ्यांचे दोष छापून, हातानें बसवितां-काढतां येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाचरांचा पुरस्कार केला. स्वतःच्या मालाचे दोष छापणारा दुकानदार आमच्या पेठेंत तरी माझ्या पाहण्यांत नाहीं!

विद्यार्थिदशेंत एका गडाच्या चिऱ्यावर मीं आपलें नांव कोरलें होतें, तेंही खिळ्यानेंच. नातवास तें सांगण्याचें धैर्य मात्र अद्याप झालेलें नाहीं.