लॉनमधली आंबुशी

सनीवेलला घर घेतलं तेव्हा घराबरोबर एक लॉनही गळ्यात पडलं. आठवडाभर कोडमधले बग काढायचे आणि शनिवारी लॉनमधले! यंदाचा बग म्हणजे क्लोव्हर. निदान मला तरी तो क्लोव्हर वाटला. तीन-तीन पानं, जमिनीला चिकटून पसरलेला. उपटला तरी पुढच्या शनिवारी हजर. शेवटी वैतागून रुंद पानांच्या तणावरचं औषध आणलं आणि पुढच्या अंगणात मारून टाकलं.

दुपारी स्वयंपाकघरात आलो, तर आई चाळणीत कसलीशी पानं धूत होती.

"अरे, केवढी आंबुशी माजलीय तुमच्याकडे! म्हटलं डाळीत घालावी."

पोटात गोळाच आला. "आई, कुठनं काढलीस?"

"मागनं, कुंपणापासनं. का रे?"

मागे फवारलं नव्हतं. हुश्श... तरी सगळी पानं कचऱ्यात टाकली. आई काही बोलली नाही. रात्री मुकाट्याने साधं वरण वाढलं. तेव्हा मला जास्त लाज वाटली. औषध मारताना मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनेच मला बाहेर नेऊन शिकवलं. आंबुशीचं पान पत्त्यातल्या बदामासारखं, चावलं की आंबट, रात्री मिटणारं. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. (क्लोव्हरचं पान लांबट गोल, त्यावर बहुधा फिकट पट्टा. लॉनमधल्या नेहमीच्या क्लोव्हरचं फूल पांढरं.) आंबुशीच्या शेंगा छोट्या भेंडीसारख्या उभ्या. पिकलेलीला हात लावला की फट्! बिया चार हात लांब. म्हणजे दर शनिवारी मी तण काढत नव्हतो, चक्क पेरणी करत होतो! शिवाय आडव्या खोडाला पेरापेरावर मुळं, तुकडा राहिला की पुन्हा रोप.

मग बाटलीवरचं लेबल वाचलं. (हो, मग!) त्यात मुख्यतः टू-फोर-डी होतं. आंबुशीवर त्याचा फारसा इलाज चालत नाही, ट्रायक्लोपिर जास्त चालतं. थोडक्यात, चुकीच्या बगवर चुकीचा पॅच, आणि टेस्टिंग आईवर.

आता औषध बंद. पाणी दिल्यावर माती मऊ असताना, शेंगा धरायच्या आत, मुळासकट उपटतो. गवत तीन इंच ठेवतो, म्हणजे दाट सावलीत नव्या बिया सहजी रुजत नाहीत. अजून पूर्ण गेलेली नाही, पण आटोक्यात आहे.

आई परत कोल्हापूरला गेली. जाताना नव्या मातीच्या कुंडीत थोडी आंबुशी लावून गेली. काल तीच डाळीत घातली. आता फोनवर तिला ते सांगायचंय.